बारा तारांचा कठडा

कठड्याची सातवी तार आवळून झाली आणि पहिली सैल पडली. पहिली म्हणजे सगळ्यात वरची. तासाभरापूर्वीच मी ती टणटणीत करून सोडली होती आणि आता एका बोटाने ढकलली तरी मागे जात होती. नट सरकला असेल म्हणून पाना लावून पाहिला, तर नट जागच्या जागी. पुन्हा आवळली. मग दुसरी ढिली वाटायला लागली, तिच्यामागून तिसरी. सगळी दुपार त्यातच गेली. शेवटी पलीकडच्या टोकाला बसलेली ताई म्हणाली, "अरे, मघापासून तारांकडेच बघतोयस. खांब बघ की."

टोकाच्या खांबाला ओळंबा लावला. वरचं टोक ६ मिमी आत आलं होतं.

आमच्या लाकडी डेकची, म्हणजे उघड्या ओट्याची, लांब बाजू ५.४ मीटर, आखूड बाजू ३.६ मीटर, आणि एका कोपऱ्यातून खाली उतरणारा जिना. जुना कठडा कुजला होता. नवा करताना समोरचं सगळं मोकळं दिसावं म्हणून उभ्या पट्ट्यांऐवजी स्टेनलेस स्टीलच्या आडव्या तारा लावायचं ठरलं. खांब ९० मिमी चौरस, १.८ मीटरच्या अंतरावर, कारण खालच्या तुळया त्या हिशोबाने होत्या. तार ४ मिमी जाडीची. डेकच्या फळीपासून वरच्या पट्टीच्या तळापर्यंत १०३० मिमी. त्यात १२ तारा बसवल्या की १३ जागा होतात, प्रत्येकी ७९ मिमीच्या. तारेची जाडी वजा केली की मोकळी जागा ७५ मिमी राहते. बऱ्याच ठिकाणचा नियम असा असतो की १०० मिमीचा चेंडू कठड्यातून पार जाता कामा नये, कारण त्याहून मोठ्या फटीत लहान मुलाचं डोकं अडकू शकतं. तार ढकलली की सरकते, म्हणून फट आधीच १०० पेक्षा बरीच कमी ठेवायची असते. हे सगळं मी कागदावर नीट मांडलं होतं. खांबाचा हिशोब मात्र मांडलाच नव्हता.

तो हिशोब असा आहे. प्रत्येक तारेत साधारण १०० किलोचा ताण हवा. बारा तारा म्हणजे १२०० किलो, आणि ही सगळी ओढ टोकाच्या एकेका खांबावर, तीही एकाच दिशेने. मधल्या खांबांतून तार नुसती आरपार जाते, त्यांना यातलं काही सोसावं लागत नाही. आता दुसरी बाजू बघा. ५.४ मीटर लांबीची ४ मिमी तार १०० किलोला ताणली की तिची लांबी वाढते ती जेमतेम ५ मिमी. म्हणजे खांब १ मिमी आत झुकला तरी तारेतला पाचवा हिस्सा ताण गेला, आणि ५ मिमी झुकला तर तार पूर्ण ढिली. माझा खांब वरच्या टोकाला ६ मिमी आला होता. वरची तार सैल पडली यात नवल काहीच नव्हतं.

चूक दोन जागी होती. डेकच्या तळाशी खांब कडेच्या तुळईला दोन बोल्टांनी धरलेला होता, त्या दोन बोल्टांत अंतर फक्त १०० मिमी, आणि भोकं बोल्टांपेक्षा सूतभर मोठी. मीटरभर उंचीवरच्या ओढीला १०० मिमीच्या पकडीने तोंड द्यायचं म्हणजे बोल्टांवर दहापट जोर येतो. त्यात भोकात खेळायला जागा असेल तर खांब हलणारच. दुसरी चूक माझ्या घाईची. वरची आडवी पट्टी काम करताना आड येईल, तारा झाल्या की शेवटी बसवू, असं मी ठरवलं होतं. पण ती पट्टी नुसती हात टेकायला नसते. तारा दोन टोकांच्या खांबांना एकमेकांकडे ओढतात आणि मधली पट्टी त्यांना लांब ठेवते. पट्टी नसेल तर खांब एकटा पडतो.

सगळ्या तारा ढिल्या केल्या. कडेच्या आणि आतल्या तुळईच्या मध्ये, खांबाच्या दोन्ही अंगांना लागून, घट्ट ठोकळे बसवले आणि ते तुळयांना बोल्टांनी बांधले, म्हणजे खांबाचा पाय फिरायला जागाच उरली नाही. बोल्ट बदलून नेमक्या मापाच्या भोकांत घातले आणि त्यांच्यातलं अंतर तुळईच्या उंचीत बसेल तेवढं वाढवलं. मग खांबाखांबांच्या मध्ये हातोडीने हलकेच ठोकून बसेल इतकी नेमकी कापलेली पट्टी घातली. या कामाला दोन दिवस गेले. पुढे सगळ्या बारा तारा पूर्ण ताणल्यावर ओळंबा पुन्हा लावला, तेव्हा खांब १ मिमीसुद्धा हलला नव्हता. कोणी विचारलं की या कामात सगळ्यात महत्त्वाचं काय, तर मी हे दोन दिवस सांगतो.

भोकं पाडायचं काम मात्र पहिल्यापासून चांगलं झालं, कारण तिथे मी टेपवर भिस्त ठेवली नाही. एका सरळ, जाड पट्टीवर बारा भोकांची मापं आखली आणि ती भोकं स्टँडवरच्या ड्रिलने अगदी काटकोनात पाडून घेतली. ही पट्टी दर खांबाला शिकंज्याने आवळायची आणि तिच्या भोकांतून ड्रिल करायचं. डेकची फळी कुठे वर असते, कुठे खाली, म्हणून पट्टी फळीवर टेकवायची नाही. लेझर लेव्हलने सगळ्या खांबांवर एकच रेघ मारली आणि पट्टीची खूण त्या रेघेला लावली. पाच-पाच मीटर लांब तार एका खांबात २ मिमी जरी वर-खाली झाली तरी लांबून डोळ्याला खटकते.

९० मिमी जाड लाकडात ड्रिलचा बिट सरळ जातो असं वाटतं, पण तो लाकडाच्या रेषांच्या कलाने भरकटतो. आत सरळ घातलेला बिट पलीकडे ५ मिमी खाली निघालेला मी पाहिला, सुदैवाने तो वाया घालवायला घेतलेला तुकडा होता. मग पट्टी खांबाच्या दोन्ही बाजूंना लावून अर्धं भोक इकडून, अर्धं तिकडून पाडलं. दर दोन-तीन सेंटिमीटरला बिट बाहेर काढून भुसा झटकायचा, नाहीतर तो आत गरम होऊन लाकूड जाळतो. मधल्या खांबांना ६ मिमीचं भोक पुरतं. टोकाच्या खांबांतून तारेच्या टोकाला बसवलेला, नट फिरवायचा आट्यांचा दांडा जातो, तो ८ मिमीचा होता, म्हणून तिथे १० मिमी. प्रत्येक भोकात आतून लाकूड टिकवणारं तेल फिरवलं. कापलेलं, टोचलेलं लाकूड पाणी तिथूनच पितं. कोपऱ्यात मी एकाऐवजी दोन खांब उभे केले. एकाच खांबात दोन बाजूंच्या तारा आणल्या की तारांची टोकं धरणारी फिटिंग आत एकमेकांना भिडतात, मग भोकं वर-खाली करावी लागतात आणि दोन्ही बाजूंच्या तारांच्या रेघा जुळत नाहीत.

आता तार. दुकानात ती सगळी सारखीच दिसते, पण आतली वीण वेगवेगळी असते. कठड्याला लागते ती १×१९ बांधणीची, म्हणजे मध्ये एक, तिच्याभोवती सहा आणि त्यांच्याभोवती बारा, अशा एकोणीस बारीक तारांची एकच वळलेली तार. ती ताठ असते आणि कमी ताणते. ७×७ किंवा ७×१९ बांधणी मऊ, कप्पीवरून फिरवायला चांगली, पण कठड्यात ती लवकर झोळ धरते. स्टीलची जात ३१६. तिच्यात २ ते ३ टक्के मॉलिब्डेनम असतं, ते साध्या ३०४ मध्ये नसतं, आणि खारट हवेत फरक त्यानेच पडतो.

तारेचं भेंडोळं हा स्प्रिंगच असतो. बांधलेली पट्टी कापली की तो उसळतो, म्हणून गॉगल डोळ्यांवर आणि पाय बाजूला. भेंडोळ्यातून तार बाजूने ओढून काढायची नाही. चाक फिरवावं तसं भेंडोळं जमिनीवर उभं गडगडवत सोडायचं. एकदा मी घाईत बाजूने ओढली. वेटोळं आवळत आवळत लहान झालं आणि तारेला मुरड पडली. ती मुरड नंतर कितीही ताणलं तरी जात नाही, उजेडात तिथे कायमची गाठ दिसते. तेवढी सगळी लांबी बाजूला काढावी लागली.

कापताना पहिला तुकडा मी साध्या पक्कडीने तोडला. टोक चेपलं, बाहेरच्या बारा तारा फुलासारख्या उमलल्या आणि ते टोक ना खांबाच्या भोकात जाईना, ना फिटिंगमध्ये. त्यानंतर पद्धत ठरवली. कापायच्या जागी चिकटपट्टी घट्ट गुंडाळायची, तिच्या बरोबर मधोमध ग्राइंडरच्या १ मिमी जाड चकतीने कापायचं, मग कडेची बर, म्हणजे कापताना उरलेली धारदार कोर, कानसीने घासून टोक किंचित गोल करायचं. खास तारा कापायची कात्री मिळते, तिचं पातं वाकडं असतं आणि ते तारेला सगळीकडून वेढून कापतं. तिने काम आणखी स्वच्छ होतं. पण चकती वापरलीत तर ती नवी, फक्त स्टेनलेससाठी ठेवलेली असावी. याचं कारण पुढे येईल.

एका टोकाला आट्यांचा दांडा कारखान्यातूनच दाबून बसवलेला असलेल्या तारा मी घेतल्या होत्या. दुसरं टोक मोकळं, ते सगळ्या खांबांतून ओवून आणायचं आणि शेवटी लांबी पाहून कापायचं. तिथे जे फिटिंग लागतं त्याच्या आत पाचरीसारखे छोटे जबडे असतात. तार आत ढकलली की जाते, उलटी ओढली की जबडे तिला आणखी आवळतात. आत किती जायला हवी तेवढं माप आधी तारेवर मार्करने आखून घेतलं. खूण फिटिंगच्या तोंडाशी आली नाही तर पकड अर्धवट आहे असं समजायचं. बाहेरून दोन्ही सारख्याच दिसतात, म्हणून ही खूण न करता पुढे जाऊ नये. अर्धवट पकडलेली तार महिनाभर टिकेल आणि मग कोणी टेकून उभं असताना सुटेल.

त्यानंतरचा प्रसंग मला तोपर्यंत माहीत नसलेल्या गोष्टीचा. हाताने नट फिरवून कंटाळलो, म्हणून ड्रिल मशीनला सॉकेट लावून एक नट भरभर आत नेला. सात-आठ फेरे गेला आणि थांबला. मागे फिरवला, तर मागेही येईना. हात लावला तर नट चटका बसावा इतका तापलेला. जोर लावला तसा दांडाच पिळायला लागला. शेवटी नट ग्राइंडरने कापावा लागला आणि त्याच्याबरोबर ती तारही गेली. स्टेनलेस स्टीलच्या अंगावर ऑक्साइडचा अतिशय पातळ थर असतो, त्यानेच ते गंजत नाही. आट्यांवर आटे जोरात घासले की तो थर खरवडला जातो, उघडा धातू उघड्या धातूला चिकटतो आणि दोन्ही जणू वेल्डिंग केल्यासारखे एक होतात. नट आणि दांडा दोन्ही स्टेनलेस असले की हा धोका असतोच. उपाय साधा आहे. आट्यांना जाम न होण्यासाठीची पेस्ट चोपडायची आणि हातपान्याने, सावकाश फिरवायचं. त्यानंतरच्या एकाही नटाने त्रास दिला नाही.

ताण देताना आणखी एक गोष्ट ताईच्या लक्षात आली. जबड्यांच्या फिटिंगसाठी केलेली मार्करची खूण तिच्या डोळ्यांसमोर होती. "तू तिकडे नट फिरवतोयस," ती म्हणाली, "पण इकडे तार पण गोल फिरतेय." नटाबरोबर दांडा फिरत होता आणि दांड्याबरोबर सगळी तार. अशाने तारेचा पीळ उलगडतो किंवा नको तितका आवळतो, आणि मोजलेला ताण खरा राहत नाही. मग एका हाताने दांड्याच्या चपट्या भागावर पाना धरायचा आणि दुसऱ्या हाताने नट फिरवायचा, असं ठरलं. चपटा भाग खांबात गेला की तारेवर चामड्याचा तुकडा गुंडाळून लॉकिंग पक्कडीने धरायची. चामडं नसेल तर पक्कडीचे दात उमटतात.

ताण द्यायचा क्रमही बदलला. वरून खाली नाही. आधी सगळ्या तारा फक्त झोळ जाईपर्यंत हाताने घट्ट. मग मधल्या दोन, सहावी आणि सातवी. मग एक वरची, एक खालची, असं करत दोन्ही टोकांकडे. आणि एका दमात पूर्ण ताण नाही. पहिल्या फेरीत निम्मा, दुसऱ्या फेरीत पाऊण, तिसऱ्या फेरीत पूर्ण. ज्या तारा आधी ताणल्या त्या नंतरच्या तारांमुळे थोड्या सैल होतातच, म्हणून तीन फेऱ्या.

ताण मोजायचं खास यंत्र माझ्याकडे नव्हतं. मी स्प्रिंगचा वजनकाटा वापरला. तारेच्या बरोबर मध्यावर आकडा अडकवून ५ किलोची ओढ द्यायची आणि तार किती मिमी सरकली ते मोजायचं. ओढ गुणिले गाळ्याची (दोन आधारांमधल्या भागाची) लांबी, भागिले सरकलेल्या अंतराची चौपट, एवढा साधारण ताण येतो. ९०० मिमीच्या गाळ्यात तार ११ मिमी सरकली तर ५ गुणिले ९०० भागिले ४४, म्हणजे १०२ किलो. कानानेही कळतं. सारख्या लांबीच्या, सारख्या ताणाच्या तारा बोटाने छेडल्या की एकच खर्जातला सूर देतात. एखादी ढिली असेल तर तिचा आवाज लगेच खाली जातो. पुढे पुढे मी काट्यापेक्षा कानावरच जास्त विसंबलो आणि काट्याने फक्त खात्री केली.

वर ९०० मिमी लिहिलंय, पण खांब तर १.८ मीटरवर होते. त्याचं असं झालं की पूर्ण ताण देऊनही १०० मिमीचा लाकडी चेंडू दोन तारांच्या मध्ये दाबला, तर तो थोड्या जोराने पार निघून गेला. १.८ मीटरच्या गाळ्यात एक तार ५ किलोला २२ मिमी सरकत होती. दोन तारा दोन दिशांना तेवढ्या सरकल्या की ७५ चे ११९ होतात. ताण दुप्पट करणं हा उपाय नव्हता, खांबांनी तो सोसला नसता. म्हणून दर गाळ्याच्या मधोमध बारा भोकांची एक स्टेनलेसची सपाट उभी पट्टी बसवली, वर आडव्या पट्टीला आणि खाली फळीला धरून. तारा एका टोकाने सोडवून तिच्यातून पुन्हा ओवल्या. हे आधीच केलं असतं तर दीड दिवस वाचला असता. आता तीच तार तेवढ्याच ओढीला निम्मीच सरकते आणि चेंडू अडतो. खांब किंवा मधला आधार ०.९ ते १.२ मीटरपेक्षा लांब नसावा, हे मी आता कोणालाही ठासून सांगेन.

जिन्याची बाजू लहान, पण तिथे भोकं उताराच्या कोनात पाडावी लागतात. त्याच कोनात कापलेल्या ठोकळ्यात भोक पाडून तो मार्गदर्शक म्हणून वापरला. साधा वायसर तिथे तिरका बसतो आणि नट एकाच कडेवर टेकतो, त्यासाठी उताराचे वायसर मिळतात. फट मोजायची ती तारेला काटकोनात, खांबावर उभी नाही. ३५ अंशांच्या उतारावर खांबावर ९६ मिमी अंतर ठेवलं तरी काटकोनात ते ७९ भरतं.

महिन्याभराने काही तारांवर तपकिरी ठिपके दिसले. तार गंजली म्हणून पोटात धस्स झालं. पण ठिपके फक्त एका कोपऱ्यात होते, जिथे मी जिन्यासाठी साध्या लोखंडाचा अँगल ग्राइंडरने कापला होता. त्या ठिणग्या म्हणजे लोखंडाचे तापलेले कण, ते स्टेनलेसवर चिकटले आणि गंजले ते कण. सायट्रिक अॅसिडच्या पाण्याने आणि नायलॉनच्या घासणीने घासल्यावर सगळं निघालं. लोखंडी काथ्या वापरला असता तर तेच लोखंड पुन्हा तारेत रुतलं असतं. लोखंड कापलेली चकती स्टेनलेसला लावायची नाही, ती याचसाठी.

ताईची मुलगी चार वर्षांची आहे. आडव्या तारा म्हणजे तिच्यासाठी शिडी, ही गोष्ट मला काम करताना सतत टोचत होती. वरची पट्टी आतल्या बाजूला थोडी पुढे काढली, म्हणजे चढणाऱ्याला वरून पाय टाकणं अवघड जातं. तरीही ती डेकवर असते तेव्हा कोणीतरी मोठं माणूस तिथे असतंच. घरात लहान मूल असेल आणि डेक उंच असेल, तर मी उभ्या तारांचा विचार आधी करायला सांगेन. काही ठिकाणच्या नियमांत आडव्या तारांबद्दल वेगळी अट असते, तीही खांब उभे करायच्या आधी पाहावी.

तीन आठवड्यांनी पुन्हा सगळ्या तारा तपासल्या. नव्या तारेची वीण ताणाखाली जरा बसते आणि वायसरखालचं लाकूडही थोडं दबतं. कुठे पाव फेरा, कुठे अर्धा, एवढंच लागलं. त्यानंतरच बाहेर आलेले आटे नटाच्या कडेला लागून कापले, बर काढली आणि प्रत्येकावर टोपी बसवली. पहिल्याच दिवशी कापले असते तर नंतर पाना धरायला काही उरलं नसतं. मग वजनकाटा घेऊन शेवटचं मोजलं. वरच्या पट्टीच्या खालच्या अंगाला, वाकून पाहिलं तरच दिसेल अशा जागी, पेन्सिलने बारा आकडे लिहिले आहेत, दर तारेचा एक, शेजारी तारीख.